मालकीणबाईंची अट

अपंगांना स्वतंत्र राहायला मदत करणे, हे माझे एका संस्थेतले पगारी काम. मी स्वतः आईच्या घरातून थेट बायकोच्या हाती गेलो. एकटे राहणे मला ठाऊकच नाही.

किल्लारीकडची एक तरुणी आमच्या संस्थेत आली. तिला दिसत नाही. लातूरला टेलिफोनवर बसायची नोकरी मिळाली होती, सोमवारी रुजू व्हायचे होते. तोवर खोली मिळाली नाही, तर भाऊ गावाकडे परत नेणार होता.

मी तिला स्कूटरवर घेऊन एक खोली बघायला गेलो. मालकीणबाई सगळे मलाच विचारत होत्या आणि मीही उत्साहाने सांगत होतो.

"बाईला गॅस पेटवता येतो का?"

"येतो. आम्ही शिकवलंय." खरे तर ती लहानपणापासून भावाच्या घरचा स्वयंपाक करत होती.

"नळाला रोज पाणी नसतं. भरणार कोण?"

"मी येईन ना! रोज संध्याकाळी चक्कर मारीन. जबाबदारी माझी."

मालकीणबाईंनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळले. "रोज? एकट्या बाईकडं? न्हाई बाबा. माझ्या घरात लेकीसुना हायत."

खोली गेली. गल्लीत येऊन मी तिची माफी मागू लागलो.

"सर, मला दिसत न्हाई," ती म्हणाली, "बोलता येतं. तुम्ही इथंच थांबा."

काठी टेकत ती एकटीच परत आत गेली. मी मोठ्या मनाने तिला जाऊ दिले, असे तेव्हा मला वाटले. बऱ्याच वेळाने ती किल्ली घेऊन आली.

"मावशींची एकच अट हाय. ते सर इकडं दिसायचे न्हाईत."

"मग तू काय म्हणालीस?"

"हाव म्हणलं."

ती सोमवारी रुजू झाली. त्याच आठवड्यात, नळाच्या दिवशी, मी तिच्या खोलीसमोरच्या चहाच्या टपरीवर जाऊन उभा राहिलो. फक्त बघायला. ती दारातल्या नळावर घागर भरत होती. आवाजावरून भरल्याचे ओळखून तिने नळ बंद केला आणि काठी घेऊन सरळ रस्ता ओलांडून माझ्यापाशी आली.

"सर, चहा प्यायला आलात व्हय?"

"तुला कसं कळलं?"

"तुमच्या स्कूटरचा खोकला. मावशी बी ओळखत्यात. खोली घालवता का माझी?"

मी अर्धा चहा तसाच ठेवला. स्कूटर ढकलत पार कोपऱ्यापलीकडे नेली आणि मगच किक मारली.