टोपलीवाला फक्रुद्दीन आणि वरचा आकाराम

कोल्हापूर म्हटलं की बाहेरचे पावणे आधी शड्डू ठोकून दाखवतात. तांबडी माती, तालमी, पैलवान. खरंच आहे ते, कोण नाही म्हणतंय! पण शाहू महाराजांच्या राज्यात याच गावात एक असा खेळाडू होऊन गेला, ज्यानं जन्मात कुस्ती खेळली नाही, ज्याचा उजवा पाय गुडघ्यात वाकत नव्हता, आणि तरीही ज्याला बघायला मिरजेपासून बेळगावपर्यंतची माणसं गाड्या जुंपून यायची. नाव फक्रुद्दीन. खेळ बास्केटबॉल. हसू नका. त्या काळी गावात त्याला 'टोपलीचा चेंडू' म्हणत आणि फक्रुद्दीनला टोपलीवाला.

आता त्याची कीर्ती सांगणारे पुष्कळ झाले. पण ती कुठनं उगवली हे एकाच माणसाला ठाऊक होतं. तो त्याचा जोडीदार आकाराम, आणि तो गप्प होता. म्हणून त्याच्या बाजूनं सांगायला पाहिजे.

दोघं छपरं शाकारायचे. शाहूपुरी तेव्हा नुकती वसत होती. गुळाच्या वखारी, अडत्यांची दुकानं, वर माड्या. जिथं बघावं तिथं नवं छप्पर. फक्रुद्दीन खाली उभा राहून मंगळुरी कौलं फेकायचा आणि आकाराम वर बसून झेलायचा. अडीच-तीन शेराचं एक कौल. दोन्ही हातांत आडवं धरायचं, गुडघ्यापासून झोका द्यायचा आणि असं सोडायचं की छपरापाशी पोचल्यावर ते क्षणभर हवेतच थांबलं पाहिजे. थांबलेलं कौल वरच्यानं नुसतं उचलून घ्यायचं, ताटातली भाकरी उचलावी तसं. जोर जास्त झाला तर वरच्याची बोटं फुटतात. कमी झाला तर खालच्याचं कपाळ. फक्रुद्दीन दिवसाला हजार कौलं फेकायचा आणि आकाराम त्यातली निम्मी न बघता धरायचा. गावात म्हण पडली होती, 'जमलं तर फक्रू-आकारामासारखं, न्हायतर नगंच.'

आणि अशा जोडीचा घात एका खिळ्यानं केला.

झालं असं. पावसाळा तोंडावर आला होता, एका वखारीचं काम घाईनं चाललं होतं. आकाराम आढ्याजवळ रिपा, म्हणजे कौलं टेकायच्या लाकडी पट्ट्या, ठोकत होता. एका रिपेला एका टोकाचा खिळा मारला आणि खालून बायकोनं, धोंडुबाईनं, हाक दिली, "या की आता, भाकरी वाळून लाकूड व्हायला लागली." आकाराम उतरला. जेवला. परत चढला तो दुसऱ्या कडेनं. राहिलेला खिळा राहिलाच. दुपारी मुकादम पिराजी ओरडला, "आढ्याजवळचं कौल वाकडं दिसतंय रे." आकाराम लांबच्या टोकाला होता, म्हणून फक्रुद्दीनच शिडीनं वर चढला. त्यानं रिपेवर हात टाकला आणि रिपेसकट खाली आला.

गुडघ्याचा भुगा. पिराजी धावला, "कसं रं झालं?"

फक्रुद्दीन दात आवळून म्हणाला, "पाय घसरला."

आकाराम छपरावरनं हे ऐकत होता. खिळा आपलाच राहिला, हे त्याला कळलं. त्या धंद्यात खिळा विसरलेल्या माणसाला पुन्हा कुणी वर चढू देत नाही. आपल्या पोराबाळांच्या डोक्यावरचं छप्पर अशाच्या हाती कोण देईल? आकारामच्या घरात तीन पोरं होती, आणि दुसरं कुठलं काम त्याला येत नव्हतं. उद्या सांगू म्हणाला. उद्याचा परवा झाला. मग तर सांगायचीच लाज वाटायला लागली, इतके दिवस गप्प का होतास म्हणून.

हाडवैद्यानं हाड बसवलं ते वाकडंच. पाय काठीसारखा ताठ झाला. एका पायावर दिवसभर कौलं कोण फेकणार? फक्रुद्दीन घरात बसला. आकाराम आठवड्याला जोंधळ्याचं गाठोडं नेऊन टाकायचा, मान खाली घालून. फक्रुद्दीनची बायको जुलेखा फटकळ बाई. एकदा ती म्हणाली, "आकारामभाऊ, जुंधळं लई झालं. मानूस दिसभर आढ्याकडं बघत बसतोय, त्याला भाईर काढा आधी." तेव्हापासून आकाराम त्याला कामावर नेऊन सावलीला बसवू लागला.

अशी दोन वर्षं गेली आणि गणपतराव मास्तर आले. मद्रासेहून कसरतीचं शिक्षण घेऊन आलेले, अंगात नुसता उत्साह. त्यांनी आकारामला बोलावलं, "दहा फुटांवर दोन टोपल्या टांगून दे." बुरुडाकडून टोपल्या आणल्या होत्या, चांगल्या बुडासकट. चेंडू आत पडला की शिडी लावून काढायला माणूस पाहिजे. मास्तर म्हणाले, "तूच चढ बाबा." आकाराम शिडीवर बसला. फक्रुद्दीन कट्ट्यावर.

खाली शाहूपुरीची दहा-बारा तरणी पोरं टोपलीवर चेंडू हाणत होती. हाणतच होती. चेंडू खांबावर आपटायचा, टोपलीच्या काठावर आपटायचा, एकदा तर आकारामच्या नाकावर. फक्रुद्दीनला राहवेना. "अवो मास्तर, टोपलीवर राग हाय व्हय पोरांचा? आमी कौल असं फेकलं असतं तर ह्यो आकाराम कवाच वर ग्येला असता, छपराच्या बी वर!"

मास्तर हसले. "मग तुम्ही दाखवा."

फक्रुद्दीन उठला. काठी बगलेतनं पडली, तिकडं त्यानं बघितलंही नाही. चेंडू दोन्ही हातांत घेतला, डावा गुडघा वाकवला, ताठ पाय बाजूला ठेवला आणि खालून झोका देऊन सोडला. चेंडू चढला, टोपलीवर आला, क्षणभर थांबला आणि आत बसला. काठाला चाटलासुद्धा नाही. पुन्हा एक. पुन्हा. अकरा झाले तसे मास्तर मोजायचे थांबले. वर बसलेल्या आकारामच्या हाती दोन वर्षांनी ती फेक येत होती. त्यानं चेंडू छातीशी धरला, आणि त्याच्या डोळ्यांना धारा लागल्या. पोरांना वाटलं, नाकाला लागलेलं अजून दुखतंय.

संघाचा म्होरक्या हंबीरराव, तालमीतला गडी. तो तडकला. "मास्तर, चौघं पळनार आनि ह्यो पाचवा काय हळदीकुंकू घेनार?"

मास्तरांनी समजावलं. समोरच्यानं धक्का दिला, हात धरला, तर आपल्याला पंधरा फुटांवरून एक मोकळी फेक मिळते. मधे कुणी यायचं नाही. आणि संघाच्या सगळ्या मोकळ्या फेका एकच माणूस टाकू शकतो, असा त्या वेळचा नियमच होता. "तुम्ही नुसते धक्के खा. पुढचं हे बघतील."

"धक्कं खायचं व्हय?" हंबीरराव म्हणाला, "त्येच्यात तर जल्म ग्येला की."

आणि मग काय विचारता! मिरजेला पहिल्याच सामन्यात तेवीस फेका, तेवीस आत. सांगली झाली, बेळगाव झालं. पुण्याच्या एका संघानं तर खेळाआधी टोपली खाली उतरवली, उलटीपालटी केली, आत हात घालून चाचपली, काही गोम आहे का म्हणून. पुणेकरांची खात्री पटली. मग ते हरले. कोल्हापुरात फक्रुद्दीन रस्त्यानं काठी टेकत निघाला की दुकानातली माणसं उठून उभी राहायची. पानवाला पान पुढं करायचा. ज्या हातांना घरात बसून गंज चढला होता त्यांची लोक दृष्ट काढायला लागले. जुलेखा वरवर म्हणायची, "घरात पान्याचा तांब्या धड धरवत न्हाय, आनि म्हनं टोपलीवाला." पण सामन्याच्या दिवशी त्याचा सदरा तीच घडी मोडू न देता, हातावर आडवा घालून मैदानापर्यंत आणायची.

आकाराम सगळीकडं सोबत जायचा. शिडी त्याचीच. छातीत अभिमान मावत नव्हता, पण त्या अभिमानात एक काटा होता. कारण गाव कुठलंही असो, सामना संपला की कुणीतरी विचारायचंच, "पाय कशानं गेला हो?" आणि फक्रुद्दीन म्हणायचा, "पाय घसरला." मिरजेला म्हणाला, पुण्याला म्हणाला. दर वेळी आकाराम शिडीच्या पायरीकडं बघत बसायचा. लोक त्यालाही मान देत, 'फक्रुद्दीनचा जोडीदार' म्हणून. तो मान त्याला चोरून खाल्लेल्या घासासारखा वाटायचा.

पडल्याला सहा वर्षं झाली तेव्हा बेळगावच्या पलटणीचा संघ कोल्हापुरात आला. उंचच्या उंच शिपाई, पुण्यालाही त्यांनी लोळवलेलं. मैदानाभोवती मुंगीला वाट नव्हती. झाडांवर माणसं, भिंतींवर माणसं. गडी धावून धावून फेसाटले आणि शेवटाला दोघांचे गुण सारखे झाले. मास्तर घड्याळाकडं बघतायत तोवर हंबीररावानं मुसंडी मारली आणि दोन शिपायांच्या मधे असा आपटला की मैदान हादरलं. शिट्टी झाली. मोकळी फेक. रक्ताळलेलं कोपर झाडत हंबीरराव फक्रुद्दीनपाशी आला आणि म्हणाला, "माझं काम झालं बघ दादा." चार वर्षांपूर्वी ज्याला हळदीकुंकवाला बसवत होता, त्याला दादा!

फक्रुद्दीननं झोका दिला. चेंडू चढला, थांबला, आत. आकारामनं तो बाहेर काढून दोन्ही हातांनी डोक्यावर धरला, आणि मग जो गलका उठला तो पंचगंगेच्या पार ऐकू गेला असेल.

बाळासो इनामदारांच्या हस्ते फेटा बांधायचा होता. जाणते गृहस्थ. त्यांनी फेट्याचा शेवटचा वेढा दिला आणि मायेनं विचारलं, "एवढा गुणी माणूस तुम्ही. हा पाय कशानं गेला?"

"पाय घसरला, सरकार."

"खोटं हाय!"

शिडीवरनं आवाज आला. आकाराम खाली उतरला. पावसाळा जवळ आला होता, दहा-बारा घरांची छपरं त्यानं घेतली होती, ते सगळं हातचं जाणार हे त्याला दिसत होतं. पण आता थांबणं त्याच्या हातात नव्हतं. "खोटं हाय, सरकार. रिपेचा खिळा मी मारायचा इसारलोतो. जेवाय उतारलो आनि इसारलो. माझ्यापायी पडला त्यो. आनि सा वर्सं मी त्वांड मिटून बसलोय."

मग गर्दीतनं पिराजी मुकादम पुढं आला, डोळे वटारून. "इसारलातास? आनि मी तुला सा वर्सं लोकांच्या घरावर चढवतोय?" मागनं कुजबुज सुरू झाली. कुणीतरी म्हणालं, "आमचं छप्पर ऱ्हाऊ दे मग." दुसऱ्यानं मान हलवली.

फक्रुद्दीन मात्र आकारामवरच खेकसला. "बोललास? झालं समाधान? सा वर्सं मी एकट्यानं झाकून धरलंतं, आनि तू भर मैदानात उघडं क्येलंस!"

आकाराम त्याच्याकडं वळला. "तुला ठावं हुतं?"

"रीप हातात घिऊनच पडलो की मी. डोळं काय फुटलंतं माझं?"

पिराजी म्हणाला, "मग तवाच का न्हाय बोललास, येड्या?"

"बोलून पाय सरळ झाला असता काय, नाना? ह्यो बी खाली आला असता. एक पडला तेवडा बास झाला की." फक्रुद्दीननं डोक्यावरचा फेटा सावरला आणि गर्दीकडं वळून आवाज चढवला, "ज्येला आपलं छप्पर काढून घ्यायचं हाय त्येनं खुशाल घ्या. माझं घर शाकारायचं हाय. उद्या सकाळी. वर आकाराम चढंल, खालनं कौलं मी फेकनार."

दुसऱ्या दिवशी निम्मी शाहूपुरी फक्रुद्दीनच्या दारात. शाकारणीच्या दिवशी घर रिकामं करतात, माणसं शेजारी जाऊन बसतात, ही रीतच. जुलेखानं सामान हलवलं नाही. शेजारणी हाका मारत होत्या, तिनं मान वर केली नाही. आकाराम शिडी चढला तशी तिनं आत चूल पेटवली, आपल्या चारी पोरांना ओळीनं बसवलं आणि उघड्या छपराखाली ताटं मांडली. वर रिपा ठोकायचा आवाज, खाली ताटात भुरभुर धूळ. "भाऊ," तिनं आतनं हाक दिली, "सावकाश हू द्या. आमी जेवतोय."

वर आकारामचा हातोडा थांबला, आणि बराच वेळ पुन्हा वाजला नाही. फक्रुद्दीन एका पायावर भार देऊन, हातात कौल धरून नुसता उभा राहिला. घाई कर म्हणाला नाही.

हातोडा वाजायला लागला. मग पिराजी मुकादमानं चपला काढल्या. त्या काळी त्याच्यासारखा माणूस त्या घरात पाणीही प्यायला नसता. तो वाकून आत गेला, पोरांच्या ओळीत शेवटाला मांडी घालून बसला आणि म्हणाला, "मला बी वाढ, पोरी."