वेस्काने उकरायला लावलेला चर

वेस्का आमच्याच गल्लीतली. नगरपालिकेच्या पाण्याच्या कामांवर तपासनीस होती. कामाला चोख, पण तोंडाने अशी फटकळ की रोडोपच्या डोंगरातल्या सगळ्या मुकादमांनी तिच्या नावाने बोटं मोडलेली. मीही मोडली, खोटं कशाला बोलू?

त्या साली ऑक्टोबरअखेरचा दिमित्रोव्हदेनचा सण उलटला तरी आमच्या चढावरचे नळ कोरडेच होते. जुना पाइप काढून नवा टाकायचं काम रेंगाळलं होतं. वेस्काची आई त्सोना अंथरुणाला खिळलेली, डॉक्टरांनी हात टेकलेले. म्हातारीचं एकच मागणं होतं: जायच्या आधी घरच्या नळाच्या पाण्याने केस धुवा. कॅनमधलं पाणी नको, म्हणायची, मी काय छावणीत राहते?

गुरुवारी क्रुम मुकादमाने नव्या पाइपाचा चर बुजवला आणि वरून माती दाबायचं यंत्र फिरवलं. शनिवारी पाणी सोडायचं ठरलं. शुक्रवारी सकाळी वेस्का भराव तपासायला लोखंडी सळई घेऊन आली. वरची माती टणक होती. तिने अंगाचा भार टाकला, तशी सळई वीतभर अडखळली आणि मग सरसर खाली गेली.

"सगळी माती एकदम लोटलीस ना रे?"

"थंडी तोंडावर आलीय, वेस्का. वीतवीतभर थर देऊन चोपत बसलो तर नाताळ उजाडेल."

"आणि पाइपाच्या कुशीत, खालच्या बगलांना? तिथे तरी दाबलीस?"

"नाही," क्रुम म्हणाला. मग हळूच म्हणाला, "तुझी आईच पाण्याची वाट बघतेय. उकरलं तर दहा दिवस जातील."

"मला सांगतोस? उकर."

मी कुंपणावरून तोंड सोडलं. "अगं, आईचा तरी विचार कर. रस्ता खचला तर पुढच्या वर्षी बघू."

"खाली माती पोकळ राहिली की पाइप दबतो, नेदामावशी. मग तो फुटेल, आणि उतारावर पहिलं घर तुझंच आहे."

"बघ बाई, दगडाचं काळीज तुझं," मी म्हणाले. तिने सळई उचलली आणि चराकडे वळली.

चर पुन्हा उघडला. माणसं कमी पडली तेव्हा वेस्का स्वतः आत उतरली. पाइपाच्या दोन्ही अंगांना सारखी माती घालायची, कुशीत हाताने कोंबायची, मग धुमसाने चोपायची. तो थर घट्ट बसल्यावरच पुढचा. संध्याकाळी चिखलाच्या कपड्यांनी आईच्या दाराशी जायची. म्हातारी विचारायची, "आलं का गं?" ही म्हणायची, "येतंय, आई."

आठव्या दिवशी दुपारी त्सोना गेली. चर अजून गुडघाभर उघडा होता.

रीतीप्रमाणे आम्ही बायका तिला धुवायला बसलो. पाणी मी झऱ्यावरून कॅन भरून आणलेलं. मला मान वर करवत नव्हती. वेस्काने आईचं डोकं मांडीवर घेतलं, पाण्यात बोटं बुडवली आणि थांबली.

"मावशी, जरा कोमट करून दे," ती म्हणाली. "तिला गार पाणी सोसत नाही."

मी पातेलं उचलून चुलीकडे गेले.