लिनआजींचा डबा

काल कपाट आवरताना लिनआजींचा निळ्या झाकणाचा डबा सापडला. लॉकडाऊनमध्ये कॅसल हिलच्या आमच्या घरी या चिनी शेजारीणबाई कुंपणापलीकडे वही घेऊन उभ्या राहायच्या आणि मी त्यांना इंग्रजी शिकवायचे. एकट्या ‘टेक’चेच अर्थ संपेनात: बस टेक, गोळी टेक, फोटो टेक. शेवटी वैतागून आजी म्हणाल्या, “टू मच! नाऊ ईट!” आणि डंपलिंगचा डबा पुढे केला.

रिकामा डबा परत कसा द्यायचा, म्हणून मी शिरा भरून दिला. त्यांच्यातही तीच रीत निघाली! चार महिने डबा भरलेलाच फिरत राहिला. “अगं, आवर आता, पँट बसेना!” नवरा ओरडायचा.

लॉकडाऊन उठल्यावर आजी मुलीकडे पर्थला गेल्या, डबा माझ्याकडेच राहिला. तेव्हा म्हटलं, सुटले बाई! काल मात्र तो रिकामा परत ठेववेना. दोन लाडू आत घातले, मगच झाकण लावलं.