घोगरं खोकं

सलीममामांशी माझी ओळख झाली ती मी त्यांचा व्हॉल्व्ह फोडला म्हणून. दौंडला त्यांच्या शेजारी खोली घेतली आणि पहिल्याच संध्याकाळी शेजारधर्म पाळायला गेलो. गिटारचा जुना अँप्लिफायर, मामांच्या भाषेत 'खोकं', पाठ उघडी टाकून चालू होता. आतले काचेचे व्हॉल्व्ह, जुन्या रेडिओत असत तसे, निखाऱ्यासारखे फुललेले. एकावर धूळ दिसली, मी ओलं फडकं फिरवलं. टच्च झालं. मामा एवढंच म्हणाले, "पुसलं, बरं केलं. ध्यानात ठेवतो."

ठेवलंही. पुढं आल्यागेल्याला माझी ओळख "हे आमचे फडकेवाले" अशीच.

राग धरावा तर मामांनी. "राग वापरात ठेवावा लागतो, फडकेवाले. न्हाईतर गंजतो," म्हणायचे. त्यांचा सगळ्यात लखलखीत राग शिरूरच्या आप्पांवर होता. आप्पांच्या ऑर्केस्ट्रात मामा गिटार वाजवत. घरी गोड बोलणारं खोकं स्टेजवर मधूनच घोगरं व्हायचं. एका जत्रेत आप्पांनी माईकवरूनच सांगितलं, "सलीमभाईचं खोकं म्हंजी पॅसेंजर गाडी. यील तवा यील." अख्खं गाव हसलं. मामा गिटार खांद्याला लावून स्टेजवरून उतरले ते उतरलेच.

मग दुरुस्ती सुरू झाली. व्हॉल्व्ह बदलले, सॉकेट घासले, तारांच्या सांध्यांना नव्यानं डाग दिले. चालू खोक्यातल्या एकेका व्हॉल्व्हवर पेन्सिल टकटक करून कान लावायचे, डॉक्टरनं पाठ ठोकावी तसे. मी उंबऱ्याबाहेर, आत यायची मला बंदी होती. दोष काही सापडेना.

एकदा मामा वाजवत असताना पलीकडची पिठाची गिरणी सुरू झाली. घरातला बल्ब पिवळा पडला आणि खोकं घोगरं झालं. गिरणी थांबली, आवाज पुन्हा गोड. मामांनी गिटार खाली ठेवली.

"आप्पाचे हॅलोजन," ते म्हणाले. "जनरेटर एवढासा आन् दिवे लग्नाच्या वरातीचे. सगळा करंट दिव्यांनी खाल्ला, माझं खोकं उपाशी ठेवलं, आन् वर मलाच हसला व्हय."

"मग जाऊन सांगा की त्यांना."

"नुसतं सांगून कसं भागंल?"

शिरूरला आप्पांचा कार्यक्रम लागला तशी मामांनी मला स्कूटरवर मागं बसवलं. आम्ही पहिल्या रांगेत जाऊन बसलो. मामांच्या जागी आता एक कीबोर्डवाला होता. "अंधार पडू द्या," मामा शेंगा सोलत म्हणाले. दिवेलागण झाली, हॅलोजन पेटले आणि कीबोर्ड गप्प झाला. पुन्हा लावला, पुन्हा गप्प. आप्पा माईकवरून कीबोर्डवाल्याची लाज काढू लागले. मामांनी टरफलं झटकली, सावकाश स्टेजवर चढले आणि हॅलोजनचं बटण बंद केलं. अंधारात कीबोर्ड वाजायला लागला.

मामांनी आप्पांच्या हातातला माईक घेतला. "दोष तुझ्या जनरेटरचा हाय, आप्पा. तवाबी तोच व्हता. आता म्हण." आणि माईक परत दिला.

आप्पांनी माईक दोन्ही हातांनी धरला. मग म्हणाले, "सलीमभाईचं खोकं चांगलं व्हतं. चूक माझी." आणि माईक बाजूला धरून, "उद्यापासून परत या."

"न्हाई," मामा म्हणाले. "तुला न्हाई म्हणायलाच आलो व्हतो."

परतीच्या रस्त्याला मामा शीळ घालत होते. मी घरी येऊन बायकोला सगळं साभिनय सांगितलं, त्या 'न्हाई'वर मुद्दाम जरा थांबलोसुद्धा. तिनं कणीक मळता मळता ऐकून घेतलं.

"बरी जिरवली," ती म्हणाली. "पण आता ते वाजवणार कुठं?"