साखरबाईंचं सहावं अष्टक

साखरबाईंनी भर लग्नात साहेबांना माईक फेकून मारला, ही बातमी त्या दिवशी दुपारी चारच्या आत कारेगावहून आपल्या राहू गावाला पोचली. पारावर आली तेव्हा साहेबांच्या कपाळाला तीन टाके पडले होते. डेअरीपर्यंत जाईस्तोवर पाच झाले. सगळं खोटं. माईक स्टँडला चिकटपट्टीनं गुंडाळलेला होता, वायर जेमतेम दोन हात होती, आणि साखरबाईंचा उजवा हात गेली चार वर्षं खांद्याच्या वर जात नाही. त्यांची वेणीसुद्धा त्यांचे यजमान कोंडिबाच घालतात. दार लोटून घालतात, पण गल्लीला ठाऊक आहे. तेव्हा साखरबाईंनी काही फेकून मारलं नाही. त्यांनी फक्त मंगलाष्टक म्हटलं. फेकलं ते बाकीच्या सहाशे लोकांनी.

दौंडपासून शिरूरपर्यंत एकतीस वर्षं साखरबाई लग्नात अष्टकं म्हणतायत. नावात साखर असली तरी आवाज गुळाच्या ढेपेसारखा, जाड आणि वजनदार. पेटीवर नवरा कोंडिबा. हा माणूस बोलत नाही, सूर देतो. बायकोनं जेवायला हाक मारली तरी आधी पेटीवर काळी चारचा सूर धरतो असं म्हणतात, पण ते तेवढं खरं नसावं.

साखरबाईंची एक वही आहे, तिच्यात पाच अष्टकं. पहिलं गणपतीचं, दुसरं कुलदैवताचं, तिसऱ्यात नवरानवरीची आणि मामांची नावं गुंफायची, चौथं पाहुण्यांचं, आणि पाचवं मुलीच्या पाठवणीचं. पाचव्याला वरपक्षाचे लोकही डोळे पुसतात. एकदा तर मंडपवाला रडला होता, त्याचं तर कुणीच नव्हतं त्या लग्नात. पाचवं संपलं की 'शुभमंगल सावधान', अंतरपाट दूर, हार गळ्यात. इकडची हीच पद्धत.

कारेगावचं ते लग्न फेब्रुवारीतलं. नवरदेव विक्रम आपल्या राहूचा, रांजणगावला कंपनीत कामाला. कंपनीत दिवसपाळी आणि घरच्या उसात रातपाळी, कारण शेतीपंपाची लाईट येते रात्री. नवरी सायली कारेगावची. मुहूर्त बारा एकेचाळीसचा. साखरबाईंनी पाचही अष्टकं वेळेत म्हटली, पण सायलीच्या वडिलांनी लांबून हातानं खूण केली, थांबा. साहेब यायचे होते.

साहेब म्हणजे कोणते, ते विचारू नका. आपल्याकडं दर दोन मैलांवर एक साहेब असतात आणि हे त्यातलेच एक. ते आले दीड वाजता. पत्र्याच्या कार्यालयात तोवर नवरीचा मेकअप गळ्यापर्यंत उतरला होता. निवेदकानं साहेबांच्या हातात आपला माईक दिला आणि अंतरपाट तसाच धरलेला असताना साहेब अठरा मिनिटं बोलले. रस्ता बोलले, पूल बोलले, तालुक्याचा कायापालट बोलले. अंतरपाट धरणाऱ्या दोघांनी तीन वेळा हात बदलले.

भाषण संपल्यावर गुरुजी हळूच साखरबाईंना म्हणाले, "मध्ये खंड पडला. आता आणखी एक म्हणा, मग सावधान म्हणू."

वहीत तर पाचच होती. साखरबाईंनी वही मिटली. डिसेंबरात कोंडिबा रात्री उसाला पाणी द्यायला, दारं धरायला गेले होते, ते पहाटे एकाच चपलेवर घरी आले. दुसरी चप्पल बिबट्याच्या वाटेवर राहिली होती. त्या सकाळी चहा उकळताना साखरबाईंना तीन ओळी सुचल्या होत्या, त्या कुठल्या लग्नात बसत नव्हत्या म्हणून तशाच पडून होत्या. चौथी, सगळ्यांत वर घ्यायची ओळ त्यांनी जागेवर जुळवली. कोंडिबांनी सूर दिला.

आले हे उशिरा, मुहूर्त सरला, घामात गेली फुले,
रात्रीची बिजली, उसात बिबट्या, दारे धरावी कशी,
साहेबा, दिवसाच लाइट हवी, आहेर नाही दुजा,
पोरीला घरचा धनी परतु दे, कुर्यात् सदा मंगलम्।

आणि लगेच, एकतीस वर्षांच्या सवयीनं, "शुभमंगल सावधान!"

आता 'सावधान' कानावर पडलं की आपल्या माणसाचा हात आपोआप सुटतो. अष्टकात काय म्हटलं ते ऐकतो कोण? सहाशे लोक तासभर मुठीत अक्षता धरून बसले होते. साहेब अजून अंतरपाटाच्या पुढंच उभे. सगळी रंगवलेली ज्वारी साहेबांवर. चष्म्यावर, खिशात, एक दाणा कानात. तेवढ्यात अंतरपाट निघाला, बँड सुरू झाला, सायलीनं विक्रमच्या गळ्यात हार घातला. लग्न लागलं.

कुणीतरी हे सगळं मोबाईलवर घेत होतं. क्लिप सत्तेचाळीस सेकंदांची. खाली लिहिलं होतं, 'जनतेनं दिला साहेबांना घरचा आहेर.' संध्याकाळपर्यंत ती शिरूर, दौंड करून आखाती देशात राहणाऱ्या कुणाच्या तरी मेव्हण्याकडून परत राहूत आली.

मग साखरबाईंवर जे सुरू झालं, ते महिनाभर चाललं. गाणारीनं गावं, राजकारण करू नये, हे मत तर अशा लोकांनीही दिलं, ज्यांना स्वतःच्या गल्लीतला खड्डा कधी बोलून दाखवता आला नाही. साहेबांच्या फंडातल्या सभामंडपात गायचं आणि साहेबांवरच उलटायचं, असं एकजण म्हणाला. लाईटीचं आठवड्याचं वेळापत्रक असतं, बाईंना ते वाचता येत नाही, असं दुसरा म्हणाला. तिसऱ्याचा अभ्यास जास्त. त्यानं लिहिलं, 'बिजली हा शब्द हिंदी आहे. म्हणजे हे अष्टक बाहेरच्या माणसानं लिहून दिलेलं आहे.' यावर कारेगावच्या खोल्यांत राहणाऱ्या बिहारच्या दोन वेल्डरांकडं लोक चार दिवस संशयानं बघत होते. खरं म्हणजे साखरबाई जन्मभर लाईटच म्हणतात. तिथं लाईट वृत्तात बसेना, म्हणून बिजली आणली.

विरोधी पार्टीवालेही आले, शाल-नारळ घेऊन. साखरबाईंनी नारळ ठेवून घेतला, शाल परत केली. "आजून उन्हाळा हाय," म्हणाल्या. फोटो काही निघाला नाही.

आणि लग्नं गेली. सात घरांनी कळवलं. कुणाकडं आता सनई लावायचं ठरलं होतं, कुणाच्या नवरदेवाच्या मामीला गाण्याचा आवाज सोसत नव्हता. एका घरानं तर लग्नच पुढं ढकललं असं सांगितलं आणि ते ठरल्या दिवशीच केलं. साखरबाईंनी ते सातही नकार पचवले. आठवं मात्र घरातलं होतं.

आठवं लग्न म्हणजे तेजश्रीचं. तेजश्री पोपटरावाची मुलगी, आणि पोपटराव साखरबाईंचा पाठचा भाऊ, सोसायटीचा चेअरमन. साखरबाईंना लेक नाही. तेजश्री जन्मली तेव्हाच त्यांनी वहीच्या शेवटच्या पानावर तिच्यासाठी वेगळं पाचवं अष्टक लिहून ठेवलं होतं, आणि त्यात नवरदेवाच्या नावापुरती चार अक्षरांची जागा मोकळी सोडली होती. चोवीस वर्षांत ते पान कुणाच्या लग्नात उघडलं नाही. मुलगा बघायला आला तेव्हा बाकीच्यांनी त्याची नोकरी विचारली, साखरबाईंनी नाव विचारलं. सुदर्शन. बोटावर मोजलं. बसला. मगच त्यांनी पोह्यांची बशी पुढं केली.

एप्रिलात पोपटराव अंगणात येऊन बसला. चहा घेतला नाही, त्यावरूनच कळलं.

"अक्का, तेजूच्या लग्नाला साहेब येनार हायत."

"येऊ दे की. पत्रिका दिलीया तर येतीलच."

"तसं न्हाई. तू एक वाक्य म्हण. 'ते अष्टक मी मागं घेते.' मी मोबाईलवर घेतो, साहेबांना धाडतो. मिटलं."

"आन् न्हाई म्हणलं तर?"

पोपटरावानं कोंडिबांकडं बघितलं. कोंडिबा पेटीचा भाता पुसत होते.

"तर तेजूची अष्टकं पेनड्राइव्हवर. साऊंडवाल्याशी बोललोय मी. तुझ्यामुळं माझी चेअरमनकी जायाची, अक्का."

"बघते," साखरबाई म्हणाल्या.

आणि त्यांनी खरंच बघितलं. पोपटराव गेल्यावर त्या आरशासमोर उभ्या राहून म्हणून बघायला लागल्या. एवढ्याशा पाच शब्दांचं काय! पण एकतीस वर्षं उभं राहून जे काही म्हटलं ते चालीवरच म्हटलेलं. "ते" म्हणेपर्यंत ठीक, "अष्टक" आलं की आवाज आपोआप वर जायचा. त्यात मागून कोंडिबा सवयीनं सूर द्यायचे. चार दिवस तालीम झाली. शेवटी साखरबाई म्हणाल्या, "अवं, हे असं गाऊन मागं घेतलं तर लोक त्याच्यावर बी अक्षता टाकतील." कोंडिबांनी पेटी मिटली. व्हिडिओ काही झाला नाही.

लग्न मेच्या चोवीस तारखेला, राहूच्याच कार्यालयात. साखरबाई आत्या म्हणून आल्या, बायकांच्या बाजूला बसल्या. हातात कापडी पिशवी, पिशवीत वही. पेटी आणली नव्हती, पण कोंडिबा पिशवीकडं बघत बसले होते. शेजारच्या खुर्चीवर विक्रमची सायली कैरीची फोड मिठाला लावून खात होती. तिसरी फोड होती.

साहेब मुहूर्ताच्या पंचवीस मिनिटं आधी हजर. आजवर कुठल्याच लग्नात असं घडलं नव्हतं. ते अक्षता पोचणार नाहीत इतक्या लांबच्या सोफ्यावर बसले, आणि माईक पुढं केला तेव्हा "नको, आधी लग्न होऊ द्या" म्हणाले. सहाव्या अष्टकाचा एवढा गुण तरी मान्य करायला हवा.

साऊंडवाल्यानं पेनड्राइव्ह लावला. गणपती झाला, कुलदैवत झालं, कुणाच्या तरी गोड पातळ आवाजात. मग आलं तिसरं, नावांचं.

"चिरंजीव ज्ञानदेवऽऽ... सौभाग्यकांक्षिणी करिश्माऽऽ..."

पेनड्राइव्ह भलत्याच लग्नाचा होता. अंतरपाटाच्या अलीकडून तेजश्रीचा आवाज आला, चांगला स्पष्ट.

"करिश्मा कोण?"

सुदर्शनची आई सुदर्शनकडं बघायला लागली.

"आई, माझ्याकडं काय बघती? मला काय म्हाईत!" सुदर्शन म्हणाला.

साऊंडवाला बटणं दाबत होता आणि दर बटणाला करिश्मा नव्यानं सौभाग्यकांक्षिणी होत होती. शेवटी त्यानं वायरच काढली. तेजश्रीनं हार खाली घेतला.

"पप्पा, आत्याला बोलवा. आत्या म्हणल्याबिगर मी हार घालायची न्हाई."

"अगं, मुहूर्त..."

"मुहूर्त गेला तर जाऊ द्या. आधी करिश्माचं लग्न लागू द्या, मग माझं बघू."

पोपटराव धावत बायकांच्या बाजूला आला. हातात माईक, या खेपेला बिनवायरचा. कपाळावरचा घाम फेट्यानं पुसला, त्यामुळं फेटा सुटला.

"अक्का, ऊठ. पाया पडतो. फकस्त आधी तेवढं एक वाक्य म्हण. साहेब बघत्यात. 'मागं घेते' म्हण आन् सुरू कर."

साखरबाई उठल्या. पिशवीतून वही काढली, शेवटचं पान उघडलं. पान पिवळं पडलं होतं. मोकळ्या सोडलेल्या जागेत शिसपेन्सिलीनं सुदर्शन लिहिलेलं होतं. तेजूचं ते पाचवं म्हणण्याची त्यांना किती इच्छा होती, ते त्या पानावर धरलेल्या अंगठ्यावरून कळत होतं. अंगठा ताल धरत होता.

पुढं काय झालं ते सगळ्यांना ठाऊकच आहे. तेजश्रीचं लग्न बारा पंचावन्नला लागलं, पाचही अष्टकं साखरबाईंनीच म्हटली, पेटी नव्हती म्हणून कोंडिबांनी तोंडानं सूर दिला, आणि पाचव्याला मंडपात सगळ्यांत मोठ्यानं पोपटराव रडला. त्याची चेअरमनकी अजून आहे. लाईट अजून रात्रीचीच येते.

पण ते नंतर. त्याआधी साखरबाईंनी माईक हातात घेतला, लांबच्या सोफ्याकडं वळून साहेबांना रीतसर नमस्कार केला, आणि भावाला उत्तर दिलं. माईक चालू होता.

"पोपट, त्या अष्टकावर सायलीचं लगीन लागलंय. अष्टक मागं घेतलं तर लगीन बी मागं घ्यावं लागंल. तिला तिसरा महिना हाय. तिला तू इचारतो का साहेब इचारत्यात?"