माझ्या दारातलं सुतक

मी घर बांधलं ते स्वतःच्या कमाईवर. मला वाढवलं एका गाडीवानाने. पालीच्या रस्त्यावर त्यांची बैलगाडी चाले. त्यांना मी बाबा म्हणत असे आणि त्यांच्या बायकोला आई. ते गेल्यावर बैल विकले आणि आंब्याच्या धंद्यात शिरलो. मोहोर पाहून बागेचा सौदा करायचा आणि फळ उतरलं की पेंढ्यात भरून आगबोटीने मुंबईला धाडायचं. धंदा जमला तसं जांभ्या दगडाचं घर उभं केलं आणि पुढे मुद्दाम ऐसपैस अंगण ठेवलं. शिमग्यात देवाची पालखी दारोदार नाचते. आमच्या कुडाच्या घरापुढे ती नाचवायला जागाच नव्हती. मानकरी रस्त्यावरूनच नारळ घेत आणि पुढे जात. लहानपणापासून ते मला बोचत होतं.

गावात वरच्या वाडीला एक मोठे बागाईतदार होते. त्यांची बाग दरवर्षी मीच घेत असे. आमचा सौदा रुमालाखाली व्हायचा. हातात हात घ्यायचा आणि बोटं दाबून भाव सांगायचा, म्हणजे बाजूच्या व्यापाऱ्याला काही कळत नाही. माझी बोटं त्यांच्या मुठीत असत आणि नजर मात्र कलमांवर. इतरांशी ते हसूनखेळून बोलत. माझ्या तोंडाकडे त्यांनी कधी पाहिलं नाही. एकदा मी भडकलो.

"दादा, माणसाशी बोलताय का झाडाशी?"

"बोटं बोलतायत ना? मग तोंडाचं काय काम?"

मी गरीब म्हणून हा माज, असं मी धरून चाललो.

शिमग्याच्या तोंडावर ते वारले. मी चार लोकांसारखा स्मशानात जाऊन आलो. माझं घर नुकतंच पुरं झालं होतं. पालखीच्या दिवशी आईने अंगण सारवलं, रांगोळी काढली आणि नारळ घेऊन दारात उभी राहिली. ढोल वाजत पालखी आमच्या अंगणाच्या दगडी गडग्यापर्यंत आली आणि तिथून वळली. मी धावत जाऊन दांडा धरला.

"काका, पालखी आत घ्या."

"नाय रे," थोरला मानकरी म्हणाला. "सुतकाच्या दारात देव जात नाय."

"कुणाचं सुतक? माझ्या घरात कोण मेलंय?"

"वरच्या वाडीत मेलाय तो."

"त्याचं सुतक मला? मग उद्या गावातलं कुत्रं मेलं तरी धरतो!"

पोरं हसली. मानकरी हसला नाही. "माझ्यावर कशाला ओरडतोस? आवशीला इचार."

मागून आई म्हणाली, "दांडा सोड. जाऊ दे देवाला."

त्या दिवशी आईने चुलीपाशी बसून सगळं सांगितलं. मी त्या बागाईतदाराचा मुलगा. मूळ नक्षत्रावर जन्मलो आणि जन्म देणारी बाळंतपणातच गेली. मुळावरचं मूल बापाला भारी, असं जोशाने सांगितलं. अशा वेळी शांती करतात, तेलाच्या वाटीत मुलाचं तोंड बघतात आणि मग मूल मांडीवर घेतात. बायको गेली म्हणून ते इतके भ्याले की त्यांनी वाटीतसुद्धा पाहिलं नाही. गाडीवानाला मूल नव्हतं. बाबांनी आणि आईने मला मागच्या दाराने उचलून आणलं. देवळात नारळ ठेवून सगळ्या जाणत्यांकडून शब्द घेतला होता की बागाईतदार जिवंत असेपर्यंत कुणी तोंड उघडायचं नाही.

"मग रीतसर दत्तक का नाही घेतलंत?"

"दत्तक देताना बापाने मूल आपल्या हातांनी द्यायचं असतं. तो समोर बसायलाच तयार नव्हता. मग विधी कसा होणार?"

म्हणजे मला टाकलं त्यांनी, आणि विधी झाला नाही म्हणून गोत्र आणि सुतक मात्र त्यांचंच चिकटून राहिलं.

दुसऱ्या दिवशी मानकरी भावकीतली माणसं घेऊन आला. बागाईतदारांनी दुसरं लग्न केलं होतं, पण मूल झालं नाही.

"दहावं तू कर," तो म्हणाला. "पिंड देणाऱ्याची बाग. नायतर त्याचा पुतण्या बसेल."

त्या बागेतलं झाड न् झाड मला ठाऊक होतं. खोटं कशाला सांगू, मी हललो.

"आणि बाबांचं श्राद्ध?"

"ते बंद. एका माणसाला दोन बापूस नसतात."

आई दाराआड तांदूळ पाखडत होती. तिचं सूप थांबलं.

मी म्हणालो, "अर्धी बाग सोडतो. बाबांचं श्राद्ध माझ्याकडे राहू दे."

"धर्मात सौदा नाय."

"मग उठा. मी गाडीवानाचा मुलगा आहे. जाताना गडगा बघून जा, नवा आहे."

पुतण्याने पिंड दिला, बाग घेतली. ज्याने बापाचं सुतक नाकारलं त्याचं सुतक कधी फिटत नाही, असं गावाने ठरवलं आणि पालखी माझं दार टाळत राहिली. पावसाळा संपता संपता बागाईतदारांची बायको गाठोडं घेऊन माझ्या दारात आली. पुतण्याने तिला बाहेर काढलं होतं.

मी आईला म्हणालो, "हिला कुठल्या नात्याने ठेवू?"

"तुला आणताना मी नातं विचारलं होतं का?" आई म्हणाली आणि पाट मांडला.

ती बाई माझ्याकडे बरीच वर्षं जगली. जेवायला बसली की रोज तेच. "तुझ्यापायी ते अधांतरी लटकलेत. पुतण्याच्या पिंडाला लेकाच्या पिंडाची सर आहे होय?"

"मग पुतण्याकडे जा जेवायला."

"जिभेला हाड नाही मेल्याच्या. थोडी आमटी वाढ गं."

आई वाढायची. वाढताना तिच्याकडे बघत नसे, आणि माझ्याकडेही नाही. बाबांचं श्राद्ध करायला भट येत नसे. मीच पान वाढून ठेवत असे, आणि त्या दिवशी बागाईतदारांची बायको उपाशी राहायची.

ती वारली तेव्हा भावकी जमली. अग्नी द्यायला पुतण्याला पुढे केलं आणि मला मागे उभं राहायला सांगितलं. मी उभा राहिलो. चितेची लाकडं माझ्या पडवीतून गेली होती.