आप्पांची कोरडी ढास

आप्पांना ढास लागली तेव्हा मी पहिल्यांदा त्यांचा शर्ट हुंगला.

आप्पा म्हणजे माझे वडील. मांजरसुंब्याच्या चौकात आमचं किराणा दुकान आहे. त्यांनी उभं आयुष्य बिडी ओढली आणि आईच्या शेवटच्या आजारपणात तिला शब्द देऊन सोडली. दुकानात बिडी विकायला ठेवायचंही बंद केलं. मी तेव्हापासून त्यांच्याकडेच राहते, शाळेत विज्ञान शिकवते, आणि स्वभावाने संशयी आहे. पोरांनी गृहपाठ सुंदर केला तरी कुणाचा उतरवला हेच आधी बघते.

बीपीची गोळी सुरू होऊन महिनाभर झाला असेल, तोच हा खोकला आला. कफ नाही, ताप नाही, नुसती कोरडी ढास. रोज धुण्याआधी मी शर्ट हुंगायचे; त्याला डिझेलचा आणि मिरचीपुडीचा वास असायचा, बिडीचा नाही. पण आप्पांच्या तोंडात आता सतत वेलची असायची. खिशात काडेपेटी सापडली. ढास आली की गिऱ्हाईक सोडून ते दुकानामागे जायचे. कुठंतरी पाणी मुरतंय, याची मला खात्री पटली. आईला दिलेला शब्द त्यांनी मोडला, याचा मला फार राग आला होता.

मग मी जे केलं त्याची आजही लाज वाटते. आमचं घर लिंगायत. आप्पा रोज सकाळी कपाळाला विभूती लावून, डाव्या तळहातावर इष्टलिंग घेऊन पूजेला बसतात. तेव्हा त्यांच्याशी कुणी बोलत नाही. मी बोलले.

"आप्पा, लिंग हातात हाय. सांगा, बिडी ओढता का न्हाई?"

त्यांनी तळहाताकडे बघितलं.

"न्हाई," एवढंच म्हणाले. लिंग गळ्यात घातलं आणि न जेवता दुकानात गेले.

एवढ्यावर तरी मी थांबायला हवं होतं. पण मला वाटलं, आता तर खोटी शपथसुद्धा घेतली! एक्स-रेमध्ये पकडू, या विचाराने मी त्यांना बीडला डॉक्टरांकडे नेलं.

एक्स-रे स्वच्छ निघाला. "ओढत असतील हो," मी म्हणाले. डॉक्टरांनी तिकडे लक्षच दिलं नाही, गोळ्यांची पट्टी मागितली आणि बघून हसले.

"फुफ्फुसं फक्त हवा घेतात असं वाटतं ना? अंगातलं सगळं रक्त त्यांच्यातून फिरतं. त्या रक्तात निरोप पोचवणारी रसायनं असतात. ब्रॅडिकायनिन त्यातलंच एक, ते रक्तवाहिन्या सैल करतं. एरवी फुफ्फुसातून जाताना एका फेरीतच त्यातल्या बहुतेकाचे तुकडे होतात. तुकडे करणारं जे विकर, म्हणजे एन्झाइम, आहे, त्यालाच ही गोळी अडवते. त्यानं बीपी उतरतो, पण काहींच्या अंगात ते रसायन साचून घसा खवखवतो. यांची ढास गोळीची वाटते. बदलून बघू."

वर्षानुवर्षं मी फळ्यावर फुफ्फुसं काढत आले. प्राणवायू आत, कार्बन डायऑक्साइड बाहेर, एवढाच माझा धडा. रक्तातलं काही तिथं मोडलं जातं हे मला माहीतच नव्हतं.

परतीच्या एसटीत मी धीर करून वेलचीचं विचारलं.

"घशाला बरं वाटायचं," आप्पा खिडकीबाहेर बघत म्हणाले. "काडेपेटी दुकानातल्या दिव्याची हाय. आन लोकायच्या पिठावर खोकावं का?"

"मग आधी कावून सांगितलं न्हाई?"

"तू इचारलं कुठं? तू तर शपथ घातली."

नव्या गोळीवर तीन आठवड्यांत ढास गेली. आप्पा पुन्हा निवांत पूजेला बसू लागले. मी चुकले म्हणून त्यांच्या पाया पडले, तेव्हा "असू दे" म्हणाले. पण इतक्या दिवसांची सवय माझ्या हातातून गेली नव्हती.

परवा धुण्याची बादली भरत होते. आप्पा दारात उभे होते, कधीपासून ते कळलं नाही.

"अजून शर्ट हुंगती का गं?" त्यांनी विचारलं.

"न्हाई, आप्पा," मी म्हणाले. शर्ट माझ्या हातातच होता.

त्यांनी मला शपथ घातली नाही.